दुसऱ्या कडव्याच्या तळटीपा

बुधवारी दुपारी एव्हाल्ड मास्तर काळ्या पावाच्या कापावर हेरिंग माशाचा तुकडा अगदी मधोमध बसवत होते, तेवढ्यात त्यांची बायको एलिनोर सहज म्हणाली, "आपल्या लग्नातलं गाणं मी विबेकेकडे छापायला दिलंय. ऐंशी प्रती. शनिवारी सकाळी दारासमोर सगळ्यांनी तेच म्हणायचं."

मास्तरांचा काटा हवेतच राहिला. "कुठलं गाणं?"

"माझ्यावर अशी किती लिहिलीस रे? एकच तर लिहिलंस. पन्नास वर्षं चादरींच्या कप्प्यात जपून ठेवलंय मी. आणि त्यातलं ते दुसरं कडवं..." एलिनोर थांबली आणि खिडकीबाहेर बघत हसली. पंच्याहत्तराव्या वर्षी बाई लाजली. "ते मला परत ऐकायचंय. मग मेले तरी चालेल."

भर फेब्रुवारीत मास्तरांना घाम फुटला. हेरिंग तशीच ताटात राहिली.

क्लेव्हस्ट्रप गावात गाण्यावाचून काही साजरं होत नाही. कुणाची पन्नाशी असो, लग्नाची पंचवीस वर्षं असोत, जेवणाच्या मध्येच छापील गाणी वाटतात. चाल आज्यापणज्यांपासूनची, शब्द तेवढे नवे, आणि असतील ती सगळी कडवी सगळ्यांनी म्हणायची. मधलं एखादं गाळलं तर लोक समजतात, घरात काहीतरी बिनसलंय. हे नवे शब्द गेली सेहेचाळीस वर्षं शाळेतले एव्हाल्ड मास्तर पुरवत आले होते. मोबदला म्हणून वाइनची बाटली मिळे, आणि वर्षभर लोक रस्त्यात टोपी काढत.

आता माणसामाणसांत असं किती निराळं असतं? मास्तरांच्या लग्नाला चार वर्षं झाली असताना खाटीक आगेच्या रौप्यमहोत्सवाचं गाणं द्यायचं होतं. मास्तर तापानं फणफणलेले, हातात एक तास. त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या गाण्यातलं दुसरं कडवं उचललं आणि तिथे घातलं. आगे हमसून हमसून रडला. रडवणारं कडवं हाती लागल्यावर ते टाकून देईल असा कवी अजून जन्मायचाय. पुढे ते चर्चची घंटा वाजवणाऱ्या लाउस्टला मिळालं, बेकर गोर्मला मिळालं, टपालवाल्या बाईला मिळालं, गुरांच्या डॉक्टरला मिळालं.

याचा बोभाटा कसा झाला नाही? तर मास्तरांचा हिशेब पक्का होता. गावातली भांडणं त्यांना तोंडपाठ होती. गोर्म आणि लाउस्ट यांच्या घरांत तीन पिढ्यांचं वैर, कुणी कुणाच्या जेवणाला जात नाही, म्हणजे दोघांना एकच कडवं द्यायला हरकत नाही. आणि जिथे आपल्याला जोडीनं बोलावणं असेल तिथे ते कडवं वापरायचं नाही, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. एलिनोरला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

शनिवारी मात्र मास्तरांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. रिवाजाप्रमाणे सगळं गाव सकाळी सातला दारासमोर जमून गाणं म्हणणार होतं. मास्तर सगळ्यांचेच मास्तर, म्हणून एकमेकांचं तोंड न बघणारे सगळेच येणार होते. ऐंशी माणसं एकाच वेळी तेच कडवं म्हणणार, आणि मध्ये एलिनोर उभी असणार. मास्तरांनी कोट चढवला आणि ते विबेकेकडे निघाले.

विबेके गावाचा दप्तरखाना सांभाळायची, जुन्या शाळेच्या तळघरात. आधी तीस वर्षं तिनं तालुक्याच्या ग्रंथालयात काढली होती, आणि निवृत्त झाल्यापासून गावातला एकही कागद तिच्या तावडीतून सुटत नव्हता.

"विबेके, दुसरं कडवं गाळलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"का?"

"कागद वाचेल."

"अरे, एकाच पानावर मावतंय सगळं."

"मग असं कर, त्याच्या जागी हे घे. ताजं आहे. मूळच्यापेक्षा बरंच सरस."

विबेकेनं चष्मा खाली ओढून ते ताजं कडवं वाचलं. "सरस नाहीये," ती म्हणाली. "आणि सरस असतं तरी चाललं नसतं. लेखकाच्या हाती त्याचंच जुनं लिखाण दिलं की तो त्याची वाट लावतो. मूळ ते मूळ. हे बघ ना, काय सुंदर आहे." आणि तिनं, मास्तर नको नको म्हणत असताना, मोठ्यानं वाचलंच:

"गाव निजे, अन् तुझे उघडती डोळे,
श्वासात ऊब, पायांत भरवसा;
न बोलता ओढिसी अवघे ओझे,
तुझ्यावाचून दिवस उगवे कसा?"

"एलिनोर अशीच आहे रे," विबेके म्हणाली. "अगदी अशीच."

मास्तरांना राहवलं नाही. पापाचं ओझं माणूस कुठेतरी उतरवायला बघतोच. त्यांनी जागा तेवढी चुकीची निवडली. "विबेके, ते कडवं इतरही काही ठिकाणी... थोडंफार... गेलेलं आहे."

"किती ठिकाणी?"

"वीसेक असतील."

विबेकेचा चेहरा उजळला. भिंतीशी गावानं जमा केलेल्या गाण्यांची अकरा खोकी होती. तिनं पहिलं खोकं ओढलं, आणि मास्तर कधी गेले ते तिला कळलंही नाही.

गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. "एकोणीस!" दुपारी आला, "एकतीस! आणि गोर्मच्या गाण्यात 'पायांत' नाही, 'हातांत' आहे. मुद्दाम केलंस का?"

"तो पीठ मळतो, म्हणून," मास्तर फोनमध्ये कुजबुजले. एलिनोर शेजारीच चांदीचे चमचे पुसत होती.

संध्याकाळी आला, "चव्वेचाळीस. एव्हाल्ड, हे असं नुसतं छापता येणार नाही. तळटीपा द्याव्या लागतील."

"लग्नाच्या गाण्याला तळटीपा?"

"उद्या कुणी अभ्यासक आला तर?"

"क्लेव्हस्ट्रपला? विबेके, मी पाया पडतो तुझ्या. एलिनोरला वाटतं, ते कडवं फक्त तिचं आहे. पन्नास वर्षं वाटत आलंय. तिच्या आयुष्यात माझ्याकडून मिळालेली एवढी एकच वस्तू आहे जी दुकानात मिळत नाही."

विबेके काही दुष्ट बाई नव्हती. "हे बघ," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "खोटं मी छापणार नाही. पण एवढा धीर देते, तळटीपा कुणीही वाचत नाही. आयुष्यभराचा अनुभव आहे माझा."

शुक्रवारी मास्तरांनी ठरवलं, जाऊन छापील गठ्ठाच पळवायचा. पण शुक्रवारी शेजारी दारावर देवदाराच्या फांद्यांची कमान बांधायला येतात, आणि घरच्या माणसानं त्यांना गरम सूप आणि बिअर देत तिथेच उभं राहायचं असतं. मास्तर उभे राहिले. शिडीवर खाटीक आगेची विधवा मॅग्दा होती. नव्वदी ओलांडली तरी शिडी दुसऱ्याला देत नव्हती.

"मास्तर," ती वरून म्हणाली, "उद्या मी येणार म्हणून आज मनात काय काय येतंय. आमच्या पंचविसाव्याचं ते कडवं आगेनं पाठ केलं होतं. मी ते भरतकामात काढून पलंगाच्या डोक्याशी लावलंय. रोज निजताना वाचते. तुम्ही त्याला बरोबर ओळखलं होतंत हो. त्याला कुणीच ओळखलं नव्हतं तसं."

मास्तरांनी सूपचं भांडं खाली ठेवलं. त्यांनी खिळ्यांची पुडी धरून बसलेल्या पालेला बाजूला घेतलं. उद्या ट्रम्पेट तोच वाजवणार होता.

"पाले, एक काम कर. दुसरं कडवं आलं की जोरात वाजव. असं जोरात की शब्दच ऐकू यायला नकोत."

"ते नाही जमायचं मास्तर," पाले गंभीरपणे म्हणाला. "मी नेहमीच दुसरं कडवं हळू वाजवतो. माझ्या पन्नाशीला तुम्ही माझ्यावर जे दुसरं कडवं लिहिलंत ना, त्या दिवसापासून. तेव्हा कुठे मला कळलं, आपणही काहीतरी आहोत." आणि त्याचे डोळे भरून आले.

पालेलाही दिलं होतं हे मास्तर साफ विसरले होते. आता आपणच आपला गळा दाबून घ्यावा, असं त्यांना वाटू लागलं. दुसरा उपाय दिसेना, म्हणून त्यांनी आणखी सूप वाढलं.

शनिवारी एलिनोर नेहमीप्रमाणे साडेचारला उठली. ऐंशी पाव वळले, कॉफीचे तीन थर्मास भरले, केस विंचरले, पाव भाजायला घातले, आणि पावणेसातला परत रात्रीचा पोशाख चढवून अंथरुणात शिरली. उत्सवमूर्तींनी गाण्यानं दचकून जागं व्हायचं, असा रिवाज आहे. शेजारी मास्तर टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होते.

"घाबरलास?" तिनं विचारलं.

"हो."

"मीसुद्धा," एलिनोर म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. मास्तरांना वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तेवढ्यात ट्रम्पेट वाजलंच.

अंगात गाऊन, पायात सपाता, डोक्यावर देवदाराची कमान आणि समोर कडाक्याच्या थंडीत ऐंशी माणसं. झेंडा वर गेलेला. प्रत्येकाच्या हातात पान. मास्तरांनी पायरीवरूनच बघितलं की पानावर वरती चार बोटं गाणं आहे आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांची दाट शेती आहे, ती पान उलटून मागच्या बाजूलाही पसरली आहे.

पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसरं सुरू झालं, पालेनं सूर हळू केला. पहिल्याच ओळीला मॅग्दाचा आवाज थरथरला. दुसऱ्या ओळीला गोर्म बेकर गायचा थांबला आणि त्यानं पान डोळ्यांजवळ नेलं. त्याच्या बायकोनं खाली बोट दाखवलं. लाउस्टनं चष्मा लावला. मग गुरांच्या डॉक्टरनं लावला. तळटीपा कुणी वाचत नाही म्हणे! ऐंशी माणसं रांगेनं चष्मे लावून वाचायला लागली. चौथी ओळ एकट्या पालेच्या ट्रम्पेटनं पार पाडली, आणि त्याला वाटलं, गाणं संपलं, म्हणून त्यानं तिथेच "हुर्रे!" म्हणून आरोळी दिली. तिला कुणीही ओ दिली नाही.

"लाउस्टला?" गोर्म बेकर म्हणाला. "माझं कडवं या लाउस्टला?"

"तुझं? तारीख बघ की जरा. माझ्या दोन वर्षांनंतरचं आहे तुझं. उष्टं आहे ते!"

"उष्टं कुणाला म्हणतोस रे? माझ्यात 'हातांत' आहे!"

"गप्प बसा दोघं!" मॅग्दा ओरडली. "सगळ्यात आधीचं आमचं आहे. इथं स्वच्छ लिहिलंय. तुम्ही सगळ्यांनी माझ्या आगेचं चोरलंत!"

"आम्ही कुठं चोरलं? आम्ही वाइनची बाटली दिली होती!"

टपालवाली बाई रडत होती. गुरांचा डॉक्टर मोजत होता. गंमत अशी की मास्तरांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जो तो आपलं कडवं अस्सल आणि दुसऱ्याचं नक्कल, हे सिद्ध करण्यात गढलेला. क्षणभर मास्तरांना वाटलं, आपण यातून सुटलो. त्यांनी हळूच एलिनोरकडे बघितलं. तिनं पान वाचून संपवलं होतं.

"एकसष्ट," ती म्हणाली.

"एलिनोर, ऐक. सगळ्यात पहिलं तुझंच. ते तुझ्यावरच सुचलं होतं. बाकीच्यांना मी नंतर दिलं. पण सुचलं ते तुला बघून. हे खरं आहे, अगदी खरं." आणि ते खरोखरच तसं समजत होते. गेले तीन दिवस त्याच एका आधारावर ते तग धरून होते.

"एव्हाल्ड," खालून विबेके अवघडून म्हणाली, "मागच्या पानावरची शेवटची टीप वाच. ती काल संध्याकाळी सापडली."

ती टीप मॅग्दानंच मोठ्यानं वाचली. तिला वाटलं, तिथे तरी आगेला न्याय मिळेल. "'या कडव्याचा सर्वात जुना आढळ: शेतकरी मंडळाचं गुरांचं प्रदर्शन. प्रिन्स नावाच्या वळूस प्रथम क्रमांक मिळाल्याबद्दल गावच्या जुन्या मास्तरांनी रचलेलं गाणं. पुढे बरीच वर्षं शाळेतील मुलं ते प्रदर्शनात म्हणत असत. तत्कालीन विद्यार्थ्यांच्या यादीत एव्हाल्ड, वय सहा.'"

मास्तरांना एकदम सहा वर्षांचा एव्हाल्ड आठवला: चिखलात ओळीनं उभी पोरं, समोर फुलांचा हार घातलेलं ते प्रचंड काळं धूड, थंडीत त्याच्या नाकातून निघणारी वाफ. श्वासात ऊब. पायांत भरवसा. वळू विसरला गेला होता आणि शब्द तेवढे मागे राहिले होते. मग वीस वर्षांनी, एलिनोरला बघून, ते वर आले, आणि मास्तरांना वाटलं होतं, हे प्रेम आहे. उभ्या जन्मात एकच गोष्ट आपली म्हणून मिरवली, तीही बैलाची निघाली.

"म्हणजे," एलिनोरनं सावकाश विचारलं, "पहाटे उठणारा तो वळू होता?"

"वाटतं तसं."

"मी नव्हते."

"एलिनोर..."

"मला पहाटे उठायला कधीच आवडलं नाही, एव्हाल्ड." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "माहेरी मला नऊपर्यंत कुणी उठवू शकत नसे. लग्नात तू ते कडवं दिलंस. मला वाटलं, हा मला असं बघतोय, तर आपण तसं व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी साडेचारला उठले. पन्नास वर्षं उठतेय. न बोलता ओझं ओढतेय. माझ्या मनात बोलायचं पुष्कळ होतं रे."

कुणीतरी खाकरलं. तो लाउस्ट होता. "खरं सांगू का," तो म्हणाला, "मलाही झोप फार प्रिय आहे. पण छापून आल्यावर काय करता?"

"मीही तीनला उठतो ते त्यामुळेच," गोर्म म्हणाला. "बाप पाचला उठायचा. पाव तसेच व्हायचे."

दोन पिढीजात वैरी एकमेकांकडे बघत राहिले. मॅग्दा पायरीवर बसली. "आगे सकाळी सकाळी काय चिडायचा," ती पुटपुटली. "त्या पंचविसाव्याच्या आधी नव्हता हो तसा."

"मी झोपायला जाते," एलिनोर म्हणाली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं जळालेल्या पावांचा वास आला. मास्तर आत धावले, ऐंशी कोळसे बाहेर काढले, आणि परत येऊन बघतात तो अंगण रिकामं. माणसं आपापल्या घरी झोपायला गेली होती. पायरीवर ऐंशी पानं तेवढी नीट रचून ठेवलेली, कुणालाच ती घरी न्यायची नव्हती. दुपारचं जेवण रद्द झालं. एलिनोर त्या दिवशी उठली नाही.

रविवारी साडेचारला मास्तरांचे डोळे आपोआप उघडले. शेजारी एलिनोर भिंतीकडे तोंड करून घोरत होती. पन्नास वर्षांत त्यांनी तिला घोरताना ऐकलं नव्हतं, कारण ती त्यांच्याआधी उठलेली असे. ते अंधारात बसून राहिले. आठ वाजता पहिला फोन वाजला.

"मास्तर, बेकरी बंद आहे! रविवारी! घरात पाहुणे आहेत, पाव कुठून आणू? गोर्मची बायको म्हणते तुम्हाला विचारा!"

मग दुसरा. मग चर्चच्या पाळकांचा. "एव्हाल्ड, लाउस्ट आलेला नाही. घंटा वाजली नाही म्हणून माणसंही आलेली नाहीत. चर्चमध्ये मी एकटा उभा आहे. तुम्ही नेमकं काय केलंत गावाला?"

"मी काही केलं नाही," मास्तर म्हणाले. "मी फक्त दुसऱ्याचं घेऊन तिसऱ्याला दिलं." त्यांनी फोनची वायर काढून ठेवली. मग बराच वेळ ते स्वयंपाकघरात नुसते उभे होते. कॉफीचा डबा कुठल्या कपाटात असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो सापडला. मग किती चमचे घालायचे हे ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटून आठवून बघितलं, ती कशी उभी राहते, आधी काय उचलते. मग लाकडी ताटली घेतली, तिच्यावर रुमाल तिरका घातला, कपाचा कान उजवीकडे वळवला, दूध लहान भांड्यात घेतलं, आणि एकेक पायरी चढत वर गेले. ती आपल्याशी पुन्हा बोलेल की नाही, एवढीच एक गोष्ट आता जगात उरली होती.

साडेनऊ झाले होते. एलिनोरनं एक डोळा उघडून ताटलीकडे बघितलं. तिरका रुमाल बघितला, कपाचा कान बघितला.

"हे कुठून उचललंस?"

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांना आयुष्यात स्वतःचं असं कधी सुचलंच नव्हतं.

"तुझ्याकडून," ते म्हणाले.

एलिनोर उठून बसली. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मूळ प्रतीत साखर आहे," ती म्हणाली आणि कप त्यांच्या हातात परत दिला. मास्तर साखर शोधायला खाली गेले.